शेपूटचाकी विमानांचे उड्डाण आणि सदृशक

ज्या विमानाची दोन मुख्य चाके त्याच्या गुरुत्वमध्याच्या थोडी पुढे आणि तिसरे लहान चाक शेपटाखाली असते, त्यास शेपूटचाकी विमान म्हणतात. जुन्या विमानांत या तिसऱ्या चाकाऐवजी जमिनीवर घासत जाणारी लाकडी किंवा धातूची दांडी असे. पहिल्या महायुद्धाच्या (१९१४–१८) काळापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत (१९३९–४५) बहुसंख्य विमाने याच रचनेची होती. विमानाची हालचाल जमिनीवर राहूनच अनुभवता यावी आणि तिचे नियंत्रण शिकता यावे, यासाठी तयार केलेल्या साधनास सदृशक किंवा सिम्युलेटर म्हणतात. वैमानिकांच्या शिक्षणातील सदृशकांचा इतिहास १९१० च्या सुमारास सुरू होतो. या इतिहासात शेपूटचाकी विमानाच्या उड्डाणाला, म्हणजे धावपट्टीवरून धावत जाऊन हवेत उठण्याच्या क्रियेला, एक वेगळे स्थान आहे. जमिनीवरील शिक्षणसाधनांकडून अगदी आरंभी ज्या कौशल्यांची अपेक्षा केली गेली, त्यांपैकी हे एक होय. तथापि पुढे कित्येक दशके सदृशकांना ते शिकविता आले नाही. आणि ते काही अंशी शिकविण्याची क्षमता त्यांना जेव्हा लाभली, तेव्हा ही विमाने नित्याच्या वापरातून जवळजवळ नाहीशी झालेली होती.

यांत्रिक कारणे : दोन चाकांची गाडी पुढून ओढली असता सरळ चालते, तीच मागून ढकलली असता थोडीशी तिरपी होताच अधिकाधिक आडवी होऊ लागते. शेपूटचाकी विमानाची स्थिती दुसऱ्या प्रकारची असते. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने विमान मार्गापासून जरासे वळले, तरी त्याचे वस्तुमान निरूढीमुळे पूर्वीच्याच दिशेने जाऊ पाहते आणि शेपूट पुढे येऊ लागते. वैमानिकाने ते वेळीच आवरले नाही, तर विमान स्वतःभोवती गरकन फिरते. या गिरकीत चाकांचा सांगाडा मोडणे, पंखाचे टोक जमिनीस घासणे किंवा इंधनाची टाकी फुटणे असे प्रकार घडतात. याउलट नाकाखाली चाक असलेल्या त्रिचक्री विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो. त्यामुळे असे विमान वळले, तरी आपोआप सरळ होण्याकडे त्याचा कल असतो.

या मूळ अस्थिरतेत प्रचालकामुळे (विमान ओढणाऱ्या पंख्यामुळे) भर पडते. वैमानिकाच्या आसनावरून पाहिले असता प्रचालक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर विमानास डावीकडे ओढ लागते. या ओढीची चार कारणे आहेत. (१) प्रचालकाच्या परिबलाची प्रतिक्रिया म्हणून विमान डावीकडे कलू पाहते आणि डाव्या चाकावरील भार व घर्षण वाढते. (२) प्रचालकाने मागे फेकलेली हवा मळसूत्राप्रमाणे फिरत जाऊन शेपटाच्या उभ्या पृष्ठाच्या डाव्या बाजूवर आदळते. (३) शेपूट जमिनीवर असताना प्रचालकाचा अक्ष वर झुकलेला असतो. त्यामुळे खाली येणारे, म्हणजे उजवीकडील पाते वर जाणाऱ्या पात्यापेक्षा अधिक ओढ निर्माण करते. (४) फिरता प्रचालक घूर्णीप्रमाणे वागतो. शेपूट वर उचलले जात असताना अक्षाची दिशा बदलते आणि त्याची प्रतिक्रिया काटकोनात, म्हणजे नाक डावीकडे वळण्याच्या रूपाने प्रकट होते [⟶ घूर्णी]. प्रचालक उलट दिशेने फिरत असल्यास ही सर्व कारणे उजवीकडे ओढ निर्माण करतात. ब्रिटिश बनावटीच्या ‘टायगर मॉथ’ विमानाचे जिप्सी मेजर एंजिन असे उलट फिरणारे होते. ‘स्पिटफायर’ लढाऊ विमानाच्या पूर्वीच्या प्रकारांत मर्लिन एंजिन होते व ते विमान डावीकडे ओढले जाई; पुढील प्रकारांत ग्रिफन एंजिन आले आणि ओढ उजवीकडे झाली. मर्लिनची सवय झालेल्या वैमानिकाच्या पायांना पडलेले वळण अशा वेळी थेट घातक ठरू शके.

दृष्टीचा अडथळा हे आणखी एक कारण होय. शेपूट जमिनीवर असताना विमानाचे नाक वर उचललेले राहते आणि समोरची धावपट्टी दिसत नाही. वैमानिकास डाव्या व उजव्या कडेने दिसणाऱ्या पट्टीच्या कडांवरून दिशेचा अंदाज घ्यावा लागतो. जमिनीवर हळू चालवितानाही विमान नागमोडी नेऊन आळीपाळीने दोन्ही बाजूंनी पुढे पाहावे लागते.

आरंभीची साधने : विमानाच्या शोधानंतरच्या पहिल्या दशकात अनेक विमाने एकाच आसनाची होती, शिक्षकाला विद्यार्थ्याबरोबर बसता येत नसे. त्यामुळे पहिलीच चूक शेवटची ठरण्याचा धोका असे. यावर उपाय म्हणून १९१० च्या सुमारास दोन साधने निघाली. इंग्लंडमधील ‘सँडर्स टीचर’ हे सर्व बाजूंना झुकू शकणाऱ्या सांध्यावर बसविलेले विमानासारखे यंत्र वाऱ्याच्या दिशेने तोंड करून ठेवीत. वारा बेभरवशाचा असल्याने त्याचा फारसा प्रसार झाला नाही. फ्रान्समधील आंत्वानेत कंपनीच्या साधनात पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक बसविलेले होते. वरच्या भागात विद्यार्थी बसे, साहाय्यक हातांनी ते हलवीत आणि विद्यार्थी नियंत्रक चाके फिरवून आपला समतोल राखी. या दोन्ही साधनांत हवेतील समतोलाचा सराव होई. जमिनीवरील धावेशी त्यांचा काही संबंध नव्हता.

धावेचा प्रश्न फ्रेंचांनी निराळ्या मार्गाने सोडविला. ल्वी ब्लेर्यो (१८७२–१९३६) यांच्या पद्धतीने चालणाऱ्या शाळांत आणि पहिल्या महायुद्धातील फ्रेंच लष्करी शाळांत विद्यार्थ्याला प्रथम पंख आखूड केलेले विमान देत. त्यास उडता येत नसे. ते केवळ मैदानावर वेगाने धावे. उडू न शकणाऱ्या पक्ष्यावरून त्यास ‘पेंग्विन’ हे नाव पडले. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते सरळ रेषेत नेणे एवढाच धडा असे. तो साधा वाटला, तरी नवशिक्यांची विमाने वारंवार गरगर फिरत. गिरकीला फ्रेंच वैमानिकांनी जत्रेतील फिरत्या पाळण्यातल्या लाकडी घोड्यांवरून नाव दिले होते आणि ते फ्रेंच भाषेत रूढ झाले. पेंग्विन सरळ चालविता आल्यावर विद्यार्थ्यास लहान उड्या घेणारे यंत्र आणि त्यानंतर पूर्ण विमान मिळे. शेपूटचाकी विमानाच्या उड्डाणाचा जमिनीवर सराव देणारे हे पहिले व्यवहार्य साधन म्हणता येईल. ते स्वतः जमिनीवर धावत असल्याने वेग, घर्षण, वारा आणि आसनाला बसणारे हिसके या सर्व गोष्टी त्यात खऱ्या होत्या. अमेरिकेनेही १९१७ मध्ये ब्रीझ कंपनीकडून सु. ३०० पेंग्विन मागविले. परंतु तोवर दोन आसनी विमानात शिक्षकाबरोबर शिकण्याची पद्धत रुळू लागल्याने त्यांचा फारसा उपयोग झाला नाही.

ही पद्धत शास्त्रशुद्ध करण्याचे श्रेय रॉबर्ट स्मिथ-बॅरी (१८८६–१९४९) या ब्रिटिश अधिकाऱ्यास दिले जाते. त्यांनी १९१७ मध्ये गॉस्पोर्ट येथे सुरू केलेल्या शाळेत अॅव्ह्रो ५०४ हे दुहेरी नियंत्रणाचे विमान वापरीत आणि शिक्षक रबरी नळीतून विद्यार्थ्याशी बोलत असे. धोकादायक स्थिती टाळण्याऐवजी ती मुद्दाम निर्माण करून तिचे कारण व उपाय समजावून द्यावयाचा, हे या पद्धतीचे सूत्र होते. याची निकड त्या काळच्या विमानांवरूनही लक्षात येते. ‘सॉपविथ कॅमल’ या लढाऊ विमानात एंजिनाचा संपूर्ण सिलिंडर-समूह प्रचालकाबरोबर फिरत असे. त्यामुळे त्याचा घूर्णी-परिणाम फार तीव्र होता आणि अनेक शिकाऊ वैमानिकांनी त्यात प्राण गमावले.

लिंक यंत्र : अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथील एडविन ॲल्बर्ट लिंक (१९०४–८१) यांच्या कुटुंबाचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. वाद्यांतील हवेचे भाते व झडपा वापरून त्यांनी एक छोटे बंद विमान तयार केले. नियंत्रण-दांडा व पेडल हलविताच भाते फुगत किंवा आकुंचित होत आणि यंत्र झुके, वळे अथवा नाक वर-खाली करी. त्यांनी १९२९ मध्ये एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला. प्रारंभी हे यंत्र जत्रा व करमणुकीच्या उद्यानांतच अधिक खपले. फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकेतील टपाल-वाहतूक लष्कराच्या हवाई दलाकडे सोपविण्यात आली आणि खराब हवेत, रात्री उपकरणांवर विसंबून विमान चालविण्याचा सराव नसल्याने थोड्याच आठवड्यांत अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्याच वर्षी लष्कराने पहिली सहा लिंक यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी १०,००० हून अधिक यंत्रे तयार झाली आणि दोस्त राष्ट्रांच्या लाखो वैमानिकांनी त्यांत सराव केला.

लिंक यंत्राचे यश हे त्याने निवडलेल्या मर्यादित कामाचे यश होते. त्यावर झाकण ओढून घेतले, की विद्यार्थ्यास बाहेरचे काही दिसत नसे. पुढ्यात फक्त उपकरणे असत. ढगात वैमानिकाला याहून अधिक काही दिसत नाही, म्हणून अंध-उड्डाणाची नक्कल पुष्कळशी खरी उतरे. परंतु त्यात धावपट्टी नव्हती, कडा नव्हत्या आणि जमिनीवर टेकलेली चाकेही नव्हती. ज्या विमानांच्या वैमानिकांना ते शिकवीत होते, त्यांपैकी बहुतेक शेपूटचाकी असूनही त्यांच्या धावेविषयी हे यंत्र मूक होते.

ही उणीव किती महाग पडू शके, याचे एक उदाहरण सुप्रसिद्ध आहे. अमेलिया एअरहार्ट (१८९७–१९३७) या वैमानिक महिलेने विषुववृत्ताच्या जवळून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा संकल्प केला होता. २० मार्च १९३७ रोजी हवाई बेटांतील ल्यूक फील्ड येथून हाउलंड बेटाकडे निघताना इंधनाने जड झालेले त्यांचे दोन एंजिनांचे लॉकहीड इलेक्ट्रा विमान धावेत बाजूस वळले, गिरकी घेऊन त्याची चाके मोडली आणि ते पोटावर घसरले. आग लागली नाही व कोणास इजा झाली नाही. टायर फुटला, की दोन एंजिनांची शक्ती कमी-अधिक करून दिशा सांभाळण्याचा प्रयत्न अंगलट आला, याविषयी मतभेद आहेत. विमान दुरुस्तीसाठी कॅलिफोर्नियात परत न्यावे लागले आणि प्रवासाची दिशा उलटी, पश्चिमेकडून पूर्वेकडे ठरविण्यात आली. या दुसऱ्या प्रयत्नात त्या जून १९३७ मध्ये कराची व कलकत्ता येथे उतरल्या होत्या. २ जुलै रोजी हाउलंडकडे जाताना त्यांचे विमान पॅसिफिक महासागरावर नाहीसे झाले. दिशा बदलल्यामुळे प्रवासाचा जो सर्वांत कठीण टप्पा आरंभी यावयाचा, तो अखेरीस आला होता.

महायुद्धानंतर बाहेरचे दृश्य सदृशकात आणण्याचे प्रयत्न झाले. इलिनॉय विद्यापीठात १९५० च्या सुमारास ‘टेक्सन’ या शेपूटचाकी शिक्षण-विमानाच्या नमुन्यावरील लिंक यंत्रापुढे धावपट्टीचे यथादर्शी चित्र मांडून उतरण्याचा सराव देण्यात आला. असा सराव केलेल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष विमानात कमी फेऱ्या लागल्या. साध्या रेखाचित्रानेही शिक्षणास मदत होते, हा या प्रयोगांचा महत्त्वाचा निष्कर्ष होय. परंतु संशोधनाचा भर उतरण्यावर होता. धावेतील ओढीची नक्कल करणे अद्याप आवाक्याबाहेर होते.

त्रिचक्री रचनेचा प्रसार : याच काळात मूळ प्रश्नच मागे पडू लागला. प्रवासी वाहतुकीत १९३५ मध्ये प्रथम उडालेले डग्लस डीसी-३ शेपूटचाकी होते, तर त्याच कंपनीचे डीसी-४ त्रिचक्री होते. जेट विमानांत तर त्रिचक्री रचना जवळजवळ सार्वत्रिक झाली. लहान विमानांतही तोच बदल घडला. पायपर कंपनीने १९५१ मध्ये ‘पेसर’ या विमानास नाकचाक बसवून ‘ट्राय-पेसर’ काढले. सेसना कंपनीने शेपूटचाकी १७० वरून विकसित केलेले त्रिचक्री १७२ हे विमान १९५६ मध्ये विक्रीस आणले आणि पुढे ते जगातील सर्वाधिक संख्येने तयार झालेले विमान ठरले. नव्या वैमानिकांच्या पिढ्या पायांचा फारसा उपयोग न करताच धावपट्टीवरून उठू लागल्या.

मोठ्या सदृशकांची प्रगती या नव्या विमानांसाठी झाली. पॅन अमेरिकन कंपनीने १९४८ मध्ये बोइंग ३७७ या विमानाचा संपूर्ण चालकक्ष असलेला सदृशक वापरात आणला. पुढे दूरचित्रवाणी-कॅमेरा व भूप्रदेशाची प्रतिकृती यांच्या साहाय्याने दृश्ये दाखविण्यात आली. सहा दंडांवर आधारलेले सर्व दिशांना हलणारे व्यासपीठ १९६० नंतरच्या दशकात प्रसिद्धीस आले आणि १९७० नंतर संगणक-निर्मित दृश्ये रूढ झाली. अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाने १९८० मध्ये प्रगत सदृशकांची योजना जाहीर केली. तिच्यामुळे अनुभवी वैमानिकास नव्या प्रकारच्या प्रवासी विमानाचे बहुतेक शिक्षण सदृशकातच पुरे करण्याचा मार्ग मोकळा झाला. सदृशक अशा रीतीने परिपूर्णतेकडे जात असताना ज्या विमानांचे उड्डाण शिकविण्यास तो सर्वांत असमर्थ होता, ती विमाने संग्रहालयांत व हौशी मंडळींच्या हाती उरली होती.

भारतातील परंपरा : भारतात नागरी विमानविद्येची पहिली पिढी शेपूटचाकी विमानांवरच घडली. मुंबईतील जुहू येथे १९२८ मध्ये विमानतळ व उड्डाण-मंडळ सुरू झाले. जे. आर. डी. टाटा (१९०४–९३) यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणले, ते ‘पस मॉथ’ विमानही याच रचनेचे होते. या घटनेच्या पन्नासाव्या वर्षी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी ‘लेपर्ड मॉथ’ या जुन्या विमानातून तोच प्रवास पुन्हा केला.

भारतीय वायुसेनेच्या व उड्डाण-मंडळांच्या अनेक वैमानिकांचे पहिले धडे टायगर मॉथवर झाले. १९३१ मध्ये प्रथम उडालेले हे १३० अश्वशक्तीचे दुपंखी विमान ८,००० हून अधिक संख्येने तयार झाले. त्याला चाकांचे ब्रेक नव्हते. त्यामुळे दिशा राखण्यासाठी सुकाणू व त्यावर येणारा हवेचा झोत एवढाच आधार असे. त्याची जागा घेण्यासाठी बंगलोर येथील हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्यात विष्णू माधव घाटगे (१९०८–९१) या मराठी वैमानिकी अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली एचटी-२ या विमानाचा अभिकल्प झाला. ऑगस्ट १९५१ मध्ये ते प्रथम उडाले. भारतात अभिकल्पित होऊन उत्पादनात आलेले हे पहिले शक्तिचालित विमान असून तेही शेपूटचाकी होते. वायुसेनेत १९८० नंतरच्या दशकात त्याची जागा एचपीटी-३२ ‘दीपक’ या त्रिचक्री विमानाने घेतली आणि प्राथमिक शिक्षणातून शेपूटचाकाची परंपरा खंडित झाली.

घरगुती संगणकावरील सदृशक : या विमानांकडे सदृशक पुन्हा वळला तो शासकीय किंवा व्यापारी गरजेतून नव्हे, तर हौसेतून. इलिनॉय विद्यापीठातील विद्यार्थी ब्रूस आर्टविक यांनी १९७५ च्या आपल्या प्रबंधात संगणकाच्या पडद्यावर उड्डाणाचे हलते दृश्य रेखाटण्याची रीत मांडली. तिच्यावर आधारलेला त्यांचा कार्यक्रम १९८० च्या सुमारास ॲपल २ संगणकासाठी विक्रीस आला. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्याची सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यातील विमान त्रिचक्री सेसना होते. त्या वेळच्या संगणकांची गणनशक्ती पाहता धावेतील बलांचा बारकावा शक्य नव्हता.

पुढील दोन दशकांत परिस्थिती पालटली. १९९० नंतरच्या दशकात आलेल्या ‘एक्स-प्लेन’ कार्यक्रमात पंख व प्रचालक यांचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येकावरील बल काढण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. १९९७ मध्ये सुरू झालेला ‘फ्लाइटगिअर’ हा मुक्त कार्यक्रम स्वयंसेवकांनी वाढविला आणि त्यात अनेक जुनी विमाने आली. २००१ मधील ‘आयएल-२ स्टुर्मोव्हिक’ ने दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमाने लोकप्रिय केली. राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त २००३ मध्ये निघालेल्या मायक्रोसॉफ्टच्या आवृत्तीत ‘जेनी’, ‘व्हिमी’, ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’, फोर्ड ट्रायमोटर, डीसी-३ व पायपर ‘कब’ अशी ऐतिहासिक विमाने समाविष्ट होती. त्रिचक्री सेसनावर सहज उठणाऱ्या घरगुती शिकाऊंना या विमानांत प्रथमच धावपट्टीच्या कडेच्या गवतात जाण्याचा अनुभव आला.

उड्डाणाची रीत : सदृशकात शिकविली जाणारी रीत प्रत्यक्ष विमानातीलच असते. विमान पट्टीच्या मध्यरेषेवर आणून काही मीटर सरळ पुढे नेतात, म्हणजे शेपूटचाक सरळ होते. डीसी-३ सारख्या विमानात ते या वेळी अडकवून ठेवण्याची सोय असते. नियंत्रण-दांडा मागे ओढून शेपूट जमिनीवर दाबून धरतात. शक्ती एकदम न वाढविता काही सेकंदांत क्रमाने वाढवितात. कारण वेग कमी असताना सुकाणू दुबळे असते आणि एकाएकी आलेली ओढ त्यास पेलत नाही. दिशा राखण्यासाठी पेडलवर लहान व त्वरित दाब देतात आणि नाक परतू लागताच, ते मध्यावर येण्यापूर्वीच, तो सोडतात. पुरेसा वेग आल्यावर दांडा हळूहळू पुढे नेऊन शेपूट उचलतात. याच क्षणी घूर्णी-परिणामाने नाक वळत असल्याने त्या बेतास पेडलचा दाब वाढवावा लागतो. वारा बाजूचा असल्यास दांडा वाऱ्याच्या बाजूस झुकवून तो पंख खाली धरतात. पंखांनी भार पेलताच विमान उठते.

नवशिक्यांच्या चुकाही ठरावीक आढळतात. शक्ती एकदम पूर्ण वाढविणे, शेपूट फार लवकर व झटक्याने उचलणे आणि सुकाणूचा उपाय उशिरा पण मोठा करणे या तीन चुका प्रमुख होत. उशिरा केलेला मोठा उपाय विमानाला विरुद्ध बाजूस नेतो, त्यावर त्याहून मोठा उलट उपाय होतो आणि दोन-तीन हेलकाव्यांत गिरकी येते. घरगुती सदृशकात आणखी एक अडचण असते. पेडल नसलेल्यांच्या सोयीसाठी त्यात दांड्याबरोबर सुकाणू आपोआप वळविण्याची योजना असते. त्रिचक्री विमानास ती चालते; शेपूटचाकी विमानात मात्र पाय व हात यांना स्वतंत्र कामे असल्याने ती बंद केल्याशिवाय धावेचा खरा सराव होत नाही.

गुण व मर्यादा : सदृशकाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यात गिरकीची किंमत मोजावी लागत नाही. एकच धाव एका तासात वीस-पंचवीस वेळा करता येते, भार व वारा हवा तसा बदलता येतो आणि झालेली धाव बाहेरून पुन्हा पाहता येते. चार्ल्स लिंडबर्ग (१९०२–७४) यांनी २० मे १९२७ रोजी न्यूयॉर्कजवळील रूझवेल्ट फील्डच्या चिखलातून सु. १,७०० लि. इंधनासह उड्डाण केले, तेव्हा इतक्या भाराने ते विमान पूर्वी कधीही उडालेले नव्हते. त्यांच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ ला समोरची काचही नव्हती. पुढे पाहण्यासाठी लहान परिदर्शक होता. असा प्रसंग आज कोणी सरावासाठी प्रत्यक्षात निर्माण करणार नाही; सदृशकात तो वारंवार निर्माण करता येतो. दुसरा गुण शैक्षणिक दृष्ट्या अधिक मोलाचा आहे. काही कार्यक्रमांत प्रचालकाचे परिबल, पात्यांची असमान ओढ व घूर्णी-परिणाम ही कारणे वेगवेगळी कमी किंवा बंद करता येतात. आकाशात ती एकत्रच येतात. कोणत्या कारणाने केव्हा किती ओढ लागते, हे वेगळे करून दाखविणे गॉस्पोर्टच्या शिक्षकांनाही शक्य नव्हते.

मर्यादा तितक्याच स्पष्ट आहेत. प्रत्यक्ष विमानात शेपूट बाजूस सरकू लागल्याची पहिली सूचना डोळ्यांपेक्षा आसनातून, म्हणजे शरीराच्या बाजूस होणाऱ्या हालचालीतून मिळते. स्थिर खुर्चीवर बसलेल्या शिकाऊस ती मिळत नाही. नाक वळलेले दिसते, तेव्हा उशीर झालेला असतो. एका पडद्यावर फक्त समोरचे दृश्य दिसते आणि तेथेच विमानाचे नाक आडवे येते. ज्या कडांवरून दिशा ओळखावयाची, त्या पडद्याबाहेर राहतात. अनेक पडद्यांनी आणि २०१६ पासून घरोघरी पोहोचू लागलेल्या शिरस्थ दृश्य-साधनांनी ही उणीव बरीच भरून काढली आहे. खऱ्या सुकाणूचा पेडलवरील दाब वेगाबरोबर वाढतो, तर घरगुती पेडलमध्ये एकाच ताणाची कमान असते. क्रिया व दृश्य यांतील विलंबही महत्त्वाचा आहे. प्रवासी विमानांच्या उच्च दर्जाच्या सदृशकांसाठी तो १५० मिलिसेकंदांच्या आत असण्याचे बंधन आहे. घरगुती साधनांवर असे कोणतेच बंधन नाही. टायर व जमीन यांमधील घर्षणाचे गणित तर अनेक कार्यक्रमांत ठोकळ असते. त्यामुळे एखादे विमान वास्तवापेक्षा अधिक उच्छृंखल, तर दुसरे अधिक आज्ञाधारक भासते. सदृशकात सहज उठणाऱ्या शिकाऊस प्रत्यक्षात फाजील आत्मविश्वास बाधण्याचा धोका यातूनच उद्भवतो.

या मर्यादांची दखल नियमांतही घेतलेली आहे. अमेरिकेत शेपूटचाकी विमानाचा मुख्य वैमानिक होण्यासाठी अधिकृत शिक्षकाचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. १५ एप्रिल १९९१ पूर्वी अशा विमानाचा मुख्य वैमानिक म्हणून काम केलेल्यांनाच त्यातून सूट आहे. साध्या व बाजूच्या वाऱ्यातील उड्डाणाचा व अवतरणाचा समावेश असलेले हे शिक्षण प्रत्यक्ष शेपूटचाकी विमानातच घ्यावे लागते. म्हणजे प्रवासी जेट विमानाचे बहुतेक शिक्षण ज्या देशात सदृशकात पुरे होऊ शकते, तेथेच ६५ अश्वशक्तीच्या ‘कब’ विमानाचे शिक्षण मात्र खऱ्या धावपट्टीवर व्हावे लागते.

जुनी विमाने उडती ठेवण्याच्या प्रयत्नांमुळे या कौशल्याची गरज संपलेली नाही. भारतीय वायुसेनेच्या ऐतिहासिक विमानांच्या तुकडीत टायगर मॉथ व हार्व्हर्ड यांचा अंतर्भाव असून २०१८ मध्ये ‘परशुराम’ नाव दिलेले डाकोटा (डीसी-३ चा लष्करी प्रकार) तीत दाखल झाले. ही विमाने चालविणाऱ्यांचे मूळ शिक्षण त्रिचक्री विमानांवर झालेले असते आणि त्यांना शेपूटचाकाचे तंत्र नव्याने आत्मसात करावे लागते. शंभर वर्षांपूर्वी पेंग्विन यंत्राकडून जी अपेक्षा होती, तीच आज सदृशकाकडून आहे : पहिल्या खऱ्या धावेपूर्वी शिकाऊस ओढीचे कारण, कृतींचा क्रम व पायांची सवय यांची ओळख करून देणे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी सदृशक पेंग्विनपेक्षा पुष्कळच चांगल्या शिकवितो. तिसरी मात्र जमिनीवरून खरोखर धावणाऱ्या यंत्रातच पक्की होते.